जेवणाचा महिन्याचा खर्च साडेचार हजारांवरून तीन हजारांवर आणायचाय (जळगाव, धुळ्यात खोली करून शिकणाऱ्यांनी नक्की लिहा)

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी. मी चोपडा तालुक्यातला, जळगावात बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे. पिंप्राळ्याकडे आम्ही तिघं मिळून खोलीवर राहतो. जेवणाचा माझा महिन्याचा हिशोब असा: मेस दोन वेळची २,६०० रुपये, सकाळचे पोहे-चहा साधारण ८००, आणि संध्याकाळी कॉलेज किंवा लायब्ररीतून येताना जे खाणं होतं ते ११०० च्या घरात. एकूण साडेचार हजार.

घरचा कापूस भावाच्या आशेने बरेच दिवस पडून होता, आणि मृगाला बियाणं-खतात पैसा गेला. वडील काही बोलत नाहीत, मागितले की पाठवतात. पण ते कुठून आणतात हे मला माहीत आहे, म्हणून मला तीन हजारांच्या आत यायचंय. एक वेळ जेवून राहावं असं एका मित्राने सुचवलं. प्रॅक्टिकल दुपारी चारपर्यंत चालतं, त्यात ते जमेल असं वाटत नाही. खोलीमालकांना विचारलं, स्वयंपाकाला त्यांची हरकत नाही. तिघांपैकी एकाला कुकर लावता येतो, पोळी-भाकरी कुणालाच येत नाही. कुठून सुरुवात करावी?

---

पाचकंदील

धुळ्याला देवपुरात राहून शिकलो, म्हणून लिहितो. एक वेळ जेवायचा विचार डोक्यातून काढून टाक. दुपारचं टाळलंस की संध्याकाळी पाच वाजता पोट खवळतं आणि मग वडापाव, कचोरी, शेवपुरी यांत मेसच्या एका ताटापेक्षा जास्त पैसे जातात. तुझ्याच हिशोबात बघ, संध्याकाळचे ११०० कशामुळे? दुपारचं जेवण आणि रात्रीचं जेवण यांत सात-आठ तासांचं अंतर आहे म्हणून. पहिली कात्री तिथे लाव. बॅगेत शेंगदाणे-गूळ नाहीतर फुटाणे, सोबत दोन केळी. आपल्या जिल्ह्यात राहून केळी न खाणं म्हणजे विहिरीकाठी तहानलेलं राहणं.

मेस मात्र एकदम बंद करू नका. आधी एक वेळ मेस, एक वेळ खोलीवर.

---

कांदेबाग

केळीचा विषय निघालाच आहे तर सांगतो, आमची बाग रावेर तालुक्यात आहे. व्यापाऱ्याने चांगले घड उचलल्यावर जो माल मागे राहतो त्याला आमच्याकडे वापसी म्हणतात. फण्या लहान असतात, सालीवर डाग असतात, बाहेरच्या बाजाराला तो चालत नाही. चवीला नि पौष्टिकतेला काहीही कमी नसतं. हातगाडीवर डझनाने घेण्यापेक्षा असा माल कुणाच्या ओळखीने मिळतो का बघा. तुमच्या वर्गात रावेर, यावल, सावद्याकडचं कुणी ना कुणी असणारच. फक्त पिकायला लागला की दोन-तीन दिवसांत संपवावा लागतो, म्हणून तीन-चार खोल्या मिळून घ्या.

---

खानावळवाल्या काकू

मी जळगावातच मुलांची खानावळ चालवते, बरीच वर्षं झाली. मुलं माझ्याशी भाव करतात, ते मी समजू शकते. पण भाव उतरवून मिळाला तर ताटातलं काहीतरी उतरतंच, तेल तरी नाहीतर डाळ तरी. त्यापेक्षा या गोष्टी विचारा.

एक, खाडे कसे धरतात? बऱ्याच ठिकाणी सलग दोन-तीन दिवस जाणार असाल आणि आदल्या दिवशी सांगितलं तरच खाडा धरतात. मुलं शनिवारी दुपारी गावाला निघून जातात, सांगत नाहीत, सोमवारी येतात आणि मग पैसे कापायला सांगतात. तोवर आमचं सामान भरून झालेलं असतं. जाण्याआधी एक फोन करत जा. महिन्याला दोनदा गावी जाणाऱ्या मुलाचे यात बरेच पैसे वाचतात.

दोन, एक वेळचं कार्ड आहे का? माझ्याकडे आहे. ज्यांना फक्त दुपारचं हवंय ते तेवढंच घेतात.

तीन, आणि हे कुणी विचारत नाही, नुसत्या पोळ्या किंवा भाकऱ्या मिळतील का? तुमचं पीठ आणून दिलंत तर नगाप्रमाणे मजुरी घेऊन करून देणाऱ्या बायका प्रत्येक वस्तीत आहेत. गिरणाकाठ भाऊ, तुम्हाला कुकर येतो, पोळी येत नाही, मग एवढंच बाहेरून घ्या. वरण, भाजी, भात खोलीवर.

---

गिरणाकाठ

काकू, हे डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या मेसला एक वेळचं कार्ड १,४०० ला आहे, आजच विचारलं. खाड्यांचा नियमही विचारून घेतला.

पाचकंदील दादा, संध्याकाळचं तुम्ही म्हणता ते अगदी खरं आहे. भूक नेमकी पाचलाच लागते.

---

प्रताप१९९४

अमळनेरला शिकत होतो तेव्हा आमचा डबा गावाहून सकाळच्या एसटीने यायचा. फडक्यात बांधलेले डबे ड्रायव्हरच्या मागे ओळीने मांडलेले, प्रत्येकावर गावाचं आणि मुलाचं नाव. स्टँडवर गाडी लागली की पोरं आपापला डबा उचलायची आणि कालचा रिकामा त्याच गाडीत परत ठेवायची. भाकरी, ठेचा, कधी उडदाची डाळ, पावसाळ्यात मुगाच्या वड्यांची भाजी. आम्हाला मेस माहीतच नव्हती.

रोजचा डबा आता चोपड्याहून जळगावला येणं अवघड आहे, मान्य. पण धान्य येऊ शकतं. घरी दादर (रब्बीची ज्वारी) आहे, गहू आहे, तूर आहे, शेंगा आहेत. शेतकऱ्याचा मुलगा शहरात येऊन तीच डाळ किराणा दुकानातून पाकिटात घेतो, हे मला पटत नाही. वडिलांनी व्यापाऱ्याला विकली त्या भावात आणि तू घेतोस त्या भावात किती फरक आहे ते एकदा बघ. रोख पैसे मागण्यापेक्षा धान्य माग. त्यांनाही देताना जड जाणार नाही.

आणि आईच घेऊन आल्या तर आणखी चांगलं. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. लेकाची खोलीही बघून होईल.

---

दादर_ज्वारी

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. धान्य आणण्याबद्दल थोडं जोडते.

ज्वारीचं पीठ महिन्याचं एकदम दळून आणू नका. जुनं झालं की त्याची चिकटी जाते, भाकरी थापताना चिरते आणि करणारी बाई कुरकुर करते. आठ-दहा दिवसांपुरतंच दळा. बाकी धान्य उन्हात खडखडीत करून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून डब्यात ठेवा. आता पावसाळ्याचे दिवस आहेत, डब्याचं झाकण सैल असेल तर पंधरा दिवसांत पोरकिडे होतात.

शक्य असेल तर आईला कळणा दळून पाठवायला सांगा. आमच्याकडे चार भाग ज्वारीला एक भाग अख्खे उडीद आणि मीठ असं दळतात. कळण्याची भाकर, तेल घातलेला ठेचा आणि कांदा, एवढ्यावर एक वेळ निभावते आणि पोटालाही चांगला आधार होतो. वर दही मिळालं तर मग विचारायलाच नको.

उन्हाळ्यात घरी झालेली वाळवणंही आणा. मुगाच्या वड्या, बिबडे (ज्वारीचे पापड), कुरडया. पावसात भाज्या महागतात, पालेभाजी चिखलाने भरलेली येते, त्या दिवसांत मूठभर वड्या आणि दोन कांदे यांत तिघांची रस्साभाजी होते. आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन अंगाला नकोसं वाटतं, पण त्याच उन्हावर वर्षाची बेगमी होते. फ्रीज लागत नाही.

---

आहार_जळगाव

मी आहारतज्ज्ञ आहे. कॉलेजची मुलं-मुली माझ्याकडे थकवा, केस गळणं, चक्कर अशा तक्रारी घेऊन येतात आणि विचारलं की कळतं, पैसे वाचवायला जेवणच कमी केलेलं असतं. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

निरोगी प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोला रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं अशी भारतीय शिफारस आहे. ५५ किलोच्या मुलाला म्हणजे साधारण ४६ ग्रॅम. आता स्वस्तातलं ताट मोजू. दिवसभरात ३०० ग्रॅम ज्वारी-गहू धरले तर त्यातून सुमारे ३० ग्रॅम. ५० ग्रॅम कोरडी तूरडाळ, ११ ग्रॅम. मूठ-दीड मूठ म्हणजे ४० ग्रॅम शेंगदाणे, १० ग्रॅम. पाव लिटर दूध, ८ ग्रॅम. झाले की ५९. यात महागडी पावडर कुठेही नाही.

पण यातली डाळ काढून टाकली तर नुसतं आकड्याचं नुकसान होत नाही. धान्यात लायसिन हा प्रथिनांचा एक घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. दोन्ही एकत्र खाल्ले की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. वर कळण्याचा उल्लेख आला, ज्वारी आणि उडीद एकाच भाकरीत. खिचडीतही तेच होतं.

मेसमधलं वरण पातळ वाटत असेल तर खोलीवर मोड आलेली मटकी-मूग ठेवा, सोबत कांदा-लिंबू. सोयाबीनच्या वड्यांमध्ये १०० ग्रॅमला ५० ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात आणि त्या स्वस्त आहेत. अंडी खाणाऱ्यांना एका अंड्यातून ६ ग्रॅम मिळतात.

मुलींसाठी मुद्दाम: जेवणाला लागून चहा घेऊ नका. चहामुळे जेवणातलं लोह कमी अंगी लागतं. तासभर अंतर ठेवा आणि जेवताना लिंबू पिळा. यासाठी एक रुपयाही जास्त लागत नाही.

---

सातपुड्याची लेक

मी शहाद्याकडची, सध्या नंदुरबारला शिकते. ताईंनी मुलींसाठी लिहिलं ते फार बरं केलं. आमच्या खोलीत चार जणी आहोत आणि सगळ्यांत आधी दूध बंद होतं, मग फळ, मग डाळ. चहा-बिस्किट मात्र चालू राहतं, कारण ते पाच-दहा रुपयांत भागतं.

मला एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. जेवणासाठी हक्काचे पैसे मिळू शकतात आणि मुलं अर्जच करत नाहीत. शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळाला नसेल तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजना आहे. ओबीसी आणि भटक्या विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. स्वाधारमध्ये जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला ४३,००० रुपये, त्यातले २५,००० भोजन भत्त्याचे. प्रत्येकीच्या अटी, गुणांची मर्यादा आणि उत्पन्नाची मर्यादा वेगळी आहे. चालू वर्षाची जाहिरात आली की नीट वाचा आणि जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, भाडेकरार आधीच काढून ठेवा. भाडेकरारावरच बरेच अर्ज अडकतात.

पैसे महिन्याच्या महिन्याला हातात पडतील असं धरून मात्र चालू नका, ते हप्त्याने येतात. आम्ही हप्ता आला की त्यातून आधी वर्षाची तूरडाळ, तांदूळ आणि तेल भरून टाकतो. उरलेले खात्यात. मग पुढचा हप्ता लांबला तरी चूल बंद पडत नाही.

---

पाचकंदील

सातपुड्याची लेक, फार मोलाची माहिती. यात शिवभोजन थाळीही जोडतो. २६ जानेवारी २०२० ला ही योजना सुरू झाली, १० रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. ती फक्त दुपारी असते आणि केंद्राला रोजच्या थाळ्या ठरवून दिलेल्या असतात, उशीर झाला तर संपते. तुमच्या भागातलं केंद्र सध्या चालू आहे का ते आधी पाहून घ्या. तिथे जेवायला लाज वाटायचं काहीच कारण नाही. शिकणाऱ्या मुलाने तिथे जेवावं यासारखा तिचा चांगला उपयोग नाही.

कॉलेजात कमवा आणि शिका योजना आहे का तेही विचार. लायब्ररीतलं काम मिळालं तर अभ्यासही तिथेच होतो.

---

भुसावळ_फलाट_४

आमच्या खोलीत इंडक्शन आहे. गॅसपेक्षा स्वस्त पडतं का कुणी सांगेल?

---

दादर_ज्वारी

वीजबिल भाड्यात धरलेलं असेल तर स्वस्त, वेगळं मीटर असेल तर हिशोब करा. २,००० वॅटची शेगडी पूर्ण जोरावर तासभर चालली तर दोन युनिट. कुकर एकदा तापला की आच कमी करता येते, म्हणून रोजच्या खिचडी-वरणाला एवढं लागत नाही. मालकांना विचारून मगच वापरा. जुन्या वायरिंगवर शेगडी आणि पाणी तापवायचा रॉड एकाच वेळी लावू नका, आणि उघड्या तारेच्या कॉइलच्या शेगडीला तर हातही लावू नका.

गॅसच घ्यायचा असेल तर ५ किलोची छोटी टाकी एजन्सीत नुसत्या ओळखपत्रावर मिळते, पत्त्याचा पुरावा मागत नाहीत. ती एजन्सीतूनच बदलून घ्या. कोपऱ्यावर मोठ्या टाकीतून छोटीत गॅस भरून देणारे असतात. शंभर-दोनशे रुपयांसाठी त्यांच्याकडे जाऊ नका, जिवाशी खेळ आहे.

---

गिरणाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आम्ही तिघांनी बसून असं ठरवलंय:

दुपारी मेसचं एक वेळचं कार्ड, १,४००. रात्री खोलीवर. घरून दादर, तूरडाळ आणि शेंगदाणे येणार. एकाच्या घरी तांदूळ होतो, तो तांदूळ आणणार. दळून भाकऱ्या करून देणाऱ्या एक मावशी गल्लीतच निघाल्या. त्यांची मजुरी, तेल, भाजी, गॅस आणि दूध मिळून माणशी १,१०० धरलेत. सकाळी बाहेरच्या पोह्यांऐवजी खोलीवर पोहे किंवा रात्रीची भाकर दुधात कुस्करून, त्याचे २००. बॅगेतल्या केळी-फुटाण्यांचे २००. एकूण २,९००. महिन्यातून एकदा मित्रांबरोबर शेवभाजी खायला शंभर रुपये ठेवलेत, ते सोडवत नाही.

आईला फोन केला. ती म्हणाली, "पैसा नको वाचाडू भाऊ, पोटभर जेव." मग धान्याचं सांगितलं तर लगेच डबे कोणते आणू म्हणून विचारायला लागली.

आता एकच अडचण. रात्री आठला खोलीवर आल्यावर लवकर होईल आणि तिघांना पुरेल असं रोजचं काय करावं? भाकरी असतील तेव्हा वरण होतं, पण ज्या दिवशी मावशी नसतील त्या दिवशी?

---

प्रताप१९९४

शेवभाजीचे शंभर रुपये ठेवले ते योग्यच केलंस. तेवढा आनंद हवाच.

---

खानावळवाल्या काकू

मावशी नसतील त्या दिवशी आपली खान्देशी खिचडी. नीट लिहून घ्या.

तिघांना दीड वाटी तांदूळ, पाऊण वाटी तूरडाळ. मुगाची नाही, तुरीचीच. दोन्ही धुऊन अर्धा तास पाण्यात ठेवा, तोवर हात-पाय धुऊन कांदा-लसूण चिरून होतं. कुकरमध्ये दोन मोठे चमचे तेल, मोहरी-जिरं, ठेचलेला लसूण जरा जास्तच, मग कांदा, मूठभर शेंगदाणे. शेंगदाणे आधी परतून घ्या, कच्चे राहिले तर पिचपिचीत लागतात. हळद, तिखट, घरचा काळा मसाला असेल तर एक चमचा, मीठ. डाळ-तांदूळ घालून दोन मिनिटं परता. पाणी सव्वाचार-साडेचार वाट्या, गरम असेल तर वेळ वाचतो. तीन शिट्ट्या मोठ्या आचेवर, मग पाच मिनिटं बारीक आच, आणि कुकर आपोआप उतरू द्या. घाईने शिट्टी उचललीत तर डाळ बोटचेपी राहते.

ताटात घेतल्यावर वरून चमचाभर कच्चं शेंगदाणा तेल. सोबत भाजलेला बिबडा, कांदा, लिंबू. भाजी परवडत नसेल त्या दिवशी याच कुकरमध्ये वांग्याच्या फोडी नाहीतर गंगाफळ (लाल भोपळा) टाका, वेगळी भाजी लागत नाही. हिवाळ्यात भरताची वांगी स्वस्त झाली की मग मला विचारा, भरीत गॅसवर कसं भाजायचं ते सांगते.

---

गिरणाकाठ

लिहून घेतलं काकू. काळा मसाला आईच्या यादीत टाकला.

---

भुसावळ_फलाट_४

काकू, इंडक्शनवर करायची तर पाणी तेवढंच का?

---

खानावळवाल्या काकू

पाणी तेवढंच. तीन शिट्ट्या झाल्या की शेगडी सगळ्यांत कमी आचेवर पाच मिनिटं, मग बंद. आणि कुकर बुडाला सपाट, इंडक्शनवर चालणारा आहे ना ते बघून घे. साधा ॲल्युमिनियमचा त्यावर तापत नाही.